पहिला हात उस्तादांचा

आमच्या तेरखेड्याचे बाबूमियाँ उस्ताद यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांच्या गौरवाचं पुस्तक निघणार आहे आणि त्यात माझाही लेख पाहिजे, असं सांगायला वाचनालयाची मंडळी दारात आली, तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. सूप हातातून सुटायचंच बाकी होतं. मी म्हटलं, "बाबांनो, माझी शाळा म्हणजे प्रौढांच्या वर्गातली एक फुटकी पाटी. लेख कसला लिहू?" ते म्हणाले, "मावशी, तुम्ही बोलता तसं लिहा." आता हे तर त्याहून अवघड. मी बोलायला लागले की पुस्तकाची पानं पुरायची नाहीत. लेकीची लेक सुमन शेजारी बसली आहे, ती काना-मात्रा बघणार आहे. "आज्जी, विषय सोडू नकोस," असं तिनं आत्ताच बजावलं. अजून मी विषय धरलेलासुद्धा नाही.

तर उस्तादांची आणि माझी पहिली ओळख. ती अशी झाली की उस्ताद माझ्या अंगावर ओरडले.

निजामाचं राज्य जाऊन आमचा मुलूख हिंदुस्थानात आला, त्यानंतरची ही गोष्ट. माणसं तेव्हा एकमेकांकडं बिचकून बघत. माझे घरधनी तापानं गेलेले, लेक सासरी गेलेली, पदरात एकटा दत्तू. उस्तादांच्या दारूकामाच्या कारखान्यात कागदाचे नळे वळायला बायका लागतात असं कळलं म्हणून मी गेले. कारखाना म्हणजे काय, तर गावाबाहेरच्या माळावर एकमेकांपासून लांब लांब बांधलेली छपरं. बाण, भुईनळे, लग्नातली आतषबाजी, सगळं तिथंच बनायचं. लांबच्या एका लहानशा कोठीत उस्ताद एकटेच बसलेले दिसले. मला वाटलं, मालक आहेत, पहिल्या दिवशी पाणी तरी नेऊन द्यावं. तांब्या घेऊन मी दारात गेले. त्यांनी मान वर केली आणि गरजले, "भाईर! पयलं भाईर व्हा!"

तांब्या तिथंच पडला. मी लिंबाखाली येऊन रडत बसले. मनात काय काय आलं! मी हिंदू बाई म्हणून ओरडले का? का विधवेचं तोंड सकाळी सकाळी नको होतं? तेवढ्यात रहिमतबी आली. ती जुनी कामकरीण. म्हणाली, "येडी हाईस का गं? त्या कोठीत सोरा, गंधक, कोळसा एका जागी मिसळत्यात. तिथं एकच मानूस बसायचा. उडालं तर एकच जावा म्हून."

"अन् तो एक कोण?"

"कोण म्हंजे? उस्ताद. दुसरं कोण बसंल?"

मी रडायची थांबले ती धक्क्यानं. मी आजवर पाहिलेले मालक सावलीला बसून दुसऱ्याला उन्हात पाठवायचे. हा मालक बायकांना सावलीत बसवतो आणि स्वतः मरणाच्या मांडीवर बसतो! रहिमतबीनं पुढचंही सांगितलं. नवा माल तयार झाला, नवी मिसळण जमली, की तिला पहिली वात लावायची उस्तादांनीच. बाकी सगळ्यांनी मातीच्या बांधामागं बसायचं. "पयला हात उस्तादाचा," असा आमच्या धंद्याचा कायदाच आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आला आहे आणि कुणी मोडलेला नाही.

संध्याकाळी उस्ताद स्वतः आले. लांबच उभे राहिले आणि म्हणाले, "आक्का, सकाळी आवाज मोठा झाला माझा. पन पुन्ना आलात तर पुन्ना हुनार."

अशी माफी मी जन्मात ऐकली नव्हती. पण त्या दिवसापासून मी त्यांची आक्का झाले.

मी शिकले तेही त्यांच्यामुळं. सरकारी कागद उर्दूतून मराठीत आले. उस्तादांना उर्दू चांगलं लिहिता-वाचता येई, मराठी बोलता येई, पण अक्षर येत नव्हतं. शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला तेव्हा आम्हा बायकांना त्यांनी हुकूम सोडला, "समद्यांनी जायचं." आम्ही गेलो, तर समोर पाटी घेऊन उस्तादच बसलेले! दाढी मांडीवर, जीभ दातात, आणि पाटीवर वाकडातिकडा 'ळ'. मला म्हणतात, "आक्का, ह्येचं पोट कुठल्या अंगाला काडायचं?" मी काय सांगणार, माझा 'ळ' तर आडवाच पडला होता. गुरुजी हसले नाहीत, पण फळ्याकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिले. अक्षर मात्र आमच्यात उस्तादांचंच आधी सुधारलं.

सुमन कोपर मारते आहे. विषयावर येते.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी रशियाचा एक माणूस आभाळात पृथ्वीभोवती फिरून जिवंत परत आला. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी लागली तेव्हा सगळं गाव पारावर होतं. रहिमतबीनं तोंडावर पदर धरला. कुणी म्हणालं, खोटं असंल. पण बाकीच्या गावांना बसला असेल तो धक्का वेगळा आणि आमच्या गावाला बसला तो वेगळा. गुरुजींनी समजावून सांगितलं की ते यान बाणासारखंच वर जातं, खालून ज्वाळा सुटते आणि वर ढकलते. झालं! बाणासारखं? बाण तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो! म्हणजे उरलं काय? टोकाला माणूस बसवायचा, एवढंच!

आमचे सरपंच आप्पा कडब्याचे आणि भुसाराचे व्यापारी. मनानं मोठे, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बाहेर निघत नाही. ते पारावर उभेच राहिले. "देश कवा करंल तवा करंल. दिल्लीत दारूकाम येतंय कुणाला? आपल्याला येतंय! यंदाच्या यात्रेला तेरखेड्याचा मानूस वर जानार, अन् छत्री धरून खाली येनार. पेपरात छापून येतंय का न्हाय बघा!"

गुरुजी म्हणाले, "आप्पा, त्यांना कैक वर्षं लागली. किती पैसा, किती शास्त्रज्ञ…"

"तेंच्यात आपल्यासारखे कारागीर नसतील," आप्पा म्हणाले. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग म्हणाले, "मानूस तेवडा हलका पायजे."

मी बघत होते. आप्पांनी आपल्या लेकांकडं पाहिलं नाही. पाटलांच्या वाड्याकडं कुणी मान वळवली नाही. सगळ्यांचे डोळे फिरत फिरत माझ्या दत्तूवर आले. दत्तू तेव्हा विशीतला, किडकिडीत, कशालाही न भिणारा. उभा राहिला आणि हसून म्हणाला, "म्या जातो की!"

चारचौघांत मी बोलणार कशी? मी उस्तादांकडं पाहिलं. वाटलं, हे एक शब्द बोलतील आणि सगळं थांबेल. उस्ताद हळूच उठले. म्हणाले, "काम माझ्याकडं द्या. मी म्हनंल तसं व्हईल. मधी कुनी बोलायचं न्हाय."

सुमे, तुला सांगते, त्या शब्दांचा धक्का मला रशियाच्या माणसापेक्षा मोठा बसला. ज्या माणसानं मला कोठीच्या दारातून हाकललं, तो माझ्या लेकाला बाणावर बसवायला निघाला!

मी बोलणं सोडलं. कामावर जायचे, खाली मान घालून नळे वळायचे, घरी यायचे. दत्तूला घरात समजावलं, रागावले, देवाच्या शपथा घातल्या. तो म्हणायचा, "आये, उस्ताद हायेत की." मग एक दिवस उस्ताद माझ्यापुढं कागदाचा गठ्ठा ठेवून म्हणाले, "मोठ्या बानाचे नळे आक्कांनी वळायचे. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय."

मी वर बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलले. "माझ्याच हातानं?"

"जिचं पोर जानार, ती नळा ढिला वळनार न्हाय," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी वळले. रडत वळले, पण ढिला एकही वळला नाही.

उस्तादांनी आधी लहान बाण केले. टोकाला टोपली, टोपलीत भुसा, भुशात अंडी आणि वर फडक्याची छत्री. म्हणाले, अंडं जाऊन धड परत येत नाही तोवर माणसाचं नाव काढायचं नाही. पहिला बाण जागेवरच फुटला. दुसरा वर गेला, पण तिरपा झाला आणि सुसाट जाऊन आप्पांच्या कडब्याच्या गंजीत घुसला. गंजी पेटली. सगळं गाव घागरी घेऊन पळालं. आप्पा धोतर सावरत ओरडत होते, "उस्ताद, दिशा चुकली! दिशा!"

उस्ताद म्हणाले, "व्हय आप्पा. दत्तू आत असता तर तो बी तुमच्याच गंजीत आला असता."

आप्पा वरमले. पण तेवढ्यापुरतेच. आपल्या बैलांचा कडबा उस्तादांनी दुसऱ्या दिवशी गाडी भरून त्यांच्या दारात टाकला. आप्पा नको नको म्हणत राहिले.

पुढच्या बाणाला छत्रीसाठी मी माझं मऊ झालेलं लुगडं दिलं. का दिलं ते मलाही सांगता येणार नाही. बाण सरळ वर गेला, लुगडं उलगडलं आणि टोपली डुलत डुलत ज्वारीच्या रानात उतरली. अंडी शाबूत! दत्तूनं उस्तादांना उचलूनच घेतलं. हलग्या वाजल्या. आप्पा अंड्याला शिवत नाहीत, त्यांनी लांबूनच हात जोडले. सगळं गाव नाचत होतं. मी माझ्या लुगड्याची घडी घालून पुन्हा मोडत होते, कारण आता दत्तूला थांबवायला काही उरलंच नव्हतं.

यात्रेच्या दिवशी सकाळी माळावर मोठा बाण उभा केला. नळ्यांचा जुडगा, वर टोपलीऐवजी वेताचं मोठं डालगं, त्यावर दोन तंबूंच्या कापडाची छत्री. वाशी, तेर, कुठून कुठून माणसं गाड्या जोडून आली होती. दत्तूनं नवा सदरा घातलेला. मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून उभी होते, सोडत नव्हते.

उस्ताद समोर आले. अत्तर लावलेलं, पांढरा कुडता, जसे ईदेला निघतात तसे. म्हणाले, "आप्पा, माल नवा हाय का जुना?"

"नवाच की. असला कुनी केलाय?"

"मग पयला हात कुनाचा?"

गर्दीतून रहिमतबीचा आवाज आला, "उस्तादाचा."

"तर मग मी बसतो. वात दत्तू लावंल." असं म्हणून त्यांनी वहाणा काढल्या आणि शेजारी लावलेल्या गाडीवर चढून डालग्यात एक पाय टाकला.

दत्तू तर बघतच राहिला. आप्पा धावले आणि त्यांचा हात धरला. "उस्ताद, काय करताय! तुमी गेला तर गावाचं कसं व्हायचं? मिसळन कुनाला येतीया? समदे उघड्यावर पडतील!"

मी आजवर चार माणसांत कधी बोलले नव्हते. पण ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. "आप्पा, उस्ताद गेले तर गावाचं कसं, ह्ये तुमाला लगीच सुचलं. माझ्या दत्तूच्या येळंला ह्यो सवाल कुनालाच कसा पडला न्हाय? त्यो हलका म्हून?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. चेहरा पार उतरला होता. मनानं मोठे असं मी वर म्हटलं ते यासाठी, की एवढ्या माणसांसमोर त्यांनी पटका काढला आणि म्हणाले, "बाई, चुकलं माझं. कुनी बसायचं न्हाय." आणि उस्तादांना हात देऊन स्वतः खाली उतरवलं. यात्रेसाठी आणलेली झेंडूची फुलं डालग्यात भरली. पहिली वात उस्तादांनीच लावली आणि बांधामागं येऊन माझ्याशेजारी बसले.

बाण उठला. लिंबाच्या शेंड्याच्या वर गेला, देवळाच्या कळसाच्या वर गेला. लोक "गेला! गेला!" म्हणून ओरडत होते. आणि वरच्या वर फुटला. छत्री उघडलीच नाही. डालग्याच्या चिंधड्या झाल्या आणि जळकी फुलं आमच्या डोक्यांवर पडायला लागली. एवढी माणसं, पण आवाज फक्त फुलं पडण्याचा. दत्तू माझ्या पायाशी येऊन बसला.

मला एकच दिसत होतं. नळे मी वळले होते. रात्री मी चूलही पेटवली नाही. सकाळी उस्ताद एक फाटका नळा घेऊन दारात आले. म्हणाले, "आक्का, नळा शाबूत हुता. माल माझा चुकला." तो नळा कडेला उसवलेला मला दिसत होता. पण त्यांनी माळावर चारचौघांत तसंच सांगितलं आणि आजपर्यंत शब्द बदलला नाही. पहिला हात त्यांचा, तसा पहिला दोषही त्यांचाच.

खूप दिवसांनी मी त्यांना विचारलं, "उस्ताद, डालग्यात पाय टाकला ते लोकांना जाग यावी म्हणूनच ना? बसणार थोडेच होतात?"

ते वात वळत होते. वळता वळताच म्हणाले, "आक्का, अंडी धड आली तवा माझं बी मन चळलं हुतं. वाटलं, व्हईल. मी बसनार हुतो. तुमी बोलला नसता तर बसलोच असतो."

मी समजत होते की त्यांनी माझ्या लेकाला वाचवलं. आणि इकडं मी, अडाणी बाई, न कळत त्यांना वाचवून बसले होते!

यंदा रेडिओवर पुन्हा तशीच बातमी आली, पण उलटी. तिकडं लांबच्या देशात तीन माणसं यानात बसली होती, सराव चालला होता, यान जमिनीवरच होतं, आणि ती तिघं आतल्या आत जळाली. उस्तादांनी गुरुजींना एवढंच विचारलं, "त्येंचा उस्ताद कुठं हुता?"

गुरुजी म्हणाले, "मोठमोठे साहेब असतात, उस्ताद. लांब, यंत्रांपुढं बसतात."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मिसळण झाली नाही. ना नात्याची ना गोत्याची माणसं, पण आम्ही सगळे त्या तिघांसाठी बिनकामाचे बसून राहिलो. आता आपल्या देशातही दक्षिणेला समुद्रकाठी मोठे बाण सोडतात म्हणे, आणि गुरुजी म्हणतात, एक ना एक दिवस आपलाही माणूस जाईल. जावा की. मला आनंदच होईल. फक्त जो कुणी त्या कामाचा पुढारी होईल त्यानं आधी आमच्या माळावर यावं आणि कोठीत कोण बसतं ते बघून जावं.

इथं मी लेख संपवणार होते. पण मागच्या आठवड्यात सत्काराची बैठक झाली आणि उस्तादांनी पुन्हा धक्का दिला. सगळे हारतुऱ्यांचं ठरवत होते. ते मधेच म्हणाले, "साठ झाली. सत्काराच्या दिवसापासून कोठीत दत्तू बसंल."

माझी सून मुलीला कडेवर घेऊन उभी होती, ती तशीच घराकडं वळली. मी चपला न घालता उस्तादांच्या पुढ्यात गेले. म्हटलं, "ह्याच्यासाठी थांबवला का त्याला तवा?"

"तवा त्याला लोकांनी उठवलं हुतं, आक्का. त्याला ठावं काय हुतं? आता समदं ठावं हाय. बांधामागं बसून इतकी वर्सं शिकलाय, मी आतून वरडायचो अन् तो भाईर ऐकायचा. त्यानं स्वता मागितलंय. तरी तुमी न्हाय म्हना. मीच बसतो." आणि त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला.

हात कापत होता. कोळसा-गंधकानं काळी पडलेली ती बोटं, ज्यांनी पाटीवर माझ्यासमोर 'ळ' काढला, ती वाऱ्यावरच्या वातीसारखी हलत होती. त्या हातानं मिसळण करायची म्हणजे काय, ते मला कळतं. मी तशीच घरी आले. दत्तू पायरीवर बसला होता, लेकीला मांडीवर घेऊन. म्हणाला, "आये, नळे तूच वळशील न्हवं?"

मी म्हटलं, "दुसरं कोण वळनार? ढिला वळायची न्हाय म्या."

तर बाबूमियाँ उस्तादांना माझं मागणं असं आहे. देव म्हणा, अल्ला म्हणा, तुम्हाला उदंड आयुष्य देवो. तुमचा कापरा हात औषधानं थांबो, नाही थांबला तर चहाची बशी धरण्यापुरता तरी स्थिर राहो. आजवर तुम्ही आत बसलात आणि आम्ही बाहेर. आता बांधाच्या अलीकडं, लिंबाखाली, माझ्या शेजारी बसा. दत्तूचं काही चुकलं तर इथून ओरडून सांगा. माझ्या नातीचं लग्न होईल तेव्हा आतषबाजीला पहिली वात लावायला तुम्हीच पाहिजे, तोवर कुठं जायचं नाव काढू नका. आणि एखादी नवी बाई चुकून पाण्याचा तांब्या घेऊन कोठीकडं निघाली, तर तुम्ही घसा ताणू नका. ते काम आता माझं. ती दारात पोचायच्या आत मी अशी ओरडेन, "भाईर! पयलं भाईर व्हा!", की तांब्या तिथंच पडेल.